जिथं काच चालत नाही

कासारमामीला माणसांची नावं लक्षात राहत नसत, मापं राहत. आसेगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत तिच्या हातून बांगड्या भरल्या नाहीत अशी बाई सापडणं कठीण. पण त्यांतल्या एखादीचं नाव विचारलं, तर मामी डोकं खाजवत बसायची. मग म्हणायची, "ते वं, मारोतीच्या देवळामागची दोन-सहा." दोन-चार म्हणजे बारीक हात, दोन-सहा मध्यम, दोन-आठ भरलेला. ऐकणाऱ्या बायांना एवढ्यावर बरोबर माणूस कळायचं. माझी आई गेली तेव्हा मामी भेटायला आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "दोन-आठ गेली गा तुयी माय. असा नरम हात पुन्हा नाही भेटाचा." मी रडत होतो, त्यातच मला हसू फुटलं. आईच्या दहाव्याच्या आधी हसलेला मुलगा म्हणून माझी भावकीत अजून ख्याती आहे.

माझं आसेगावच्या स्टॅंडजवळ मेडिकलचं दुकान आहे. मामी मला नावानं कधी हाक मारत नसे. माझं माप तिनं घेतलं नव्हतं, त्यामुळे मी नुसता 'मेडिकल' होतो. दुपारी बांगड्यांची पेटी डोक्यावरून उतरवून ती माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायची, गटागटा पाणी प्यायची आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहायची. "तुयं दुकान दुखण्यावर चालते, मायं सणावर. तरी जाडा तूच होऊन राह्यला," हे ती आठवड्यातून एकदा तरी सांगे. पुढच्या हकिकतीतला सगळा गाढवपणा माझ्या नावावर आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको.

बांगडी भरायची मामीची एक रीत होती. बाईचा हात मुठीत घेऊन अंगठ्याखालचा मांसल भाग चेपत चेपत ती इकडच्या तिकडच्या गप्पा मारायची, आणि बांगडी नेमकी हाडावर आली की खरा प्रश्न विचारायची. सासू जेवू घालते काय? नवरा हात उगारते काय? त्या क्षणी बाईच्या डोळ्यांत पाणी असतंच, त्यात आणखी दोन थेंब मिसळले तर घरच्यांना कळत नाही. "हाडावर बांगडी असली का बाई खोटं नाही बोलत," असं तिचं म्हणणं. अर्ध्या तालुक्यातल्या बायांची दुःखं तिला ठाऊक होती, पण एका उंबऱ्यावरचा शब्द तिनं दुसऱ्या उंबऱ्यावर कधी नेला नाही. मी बऱ्याचदा खडा टाकून पाहिला. "तू गोया इक," एवढंच उत्तर मिळायचं.

म्हणून काही वर्षांपूर्वी श्रावणात एका दुपारी तिनं आपणहून एका सुनेचा विषय काढला, तेव्हा मी बिलाचं पुस्तक बाजूला ठेवलं. शेतकऱ्याचं साधं, खाऊनपिऊन सुखी घर. त्या सुनेचं नाव इथं लिहीत नाही. नुसतं सूनबाई म्हणतो.

"लगनात दोन-आठ भरली म्या तिले," मामी म्हणाली. "मांगच्या सराव्हनात दोन-सहा. आज दोन-चार सरकन गेली."

"काम असन मामी. शेतीचं घर."

"कामानं हात राठ होते गा, लहान नाही होत. अन् एक सांगू? हाडावर तिनं हूं केलं नाही. म्या मुद्दाम दाबलं. तरी पायत राह्यली मायाकडे, जसा हात दुसऱ्याचाच हाय."

मग तिनं पेटीच्या तळातून एक पुरचुंडी काढली. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, चंदेरी, चुरगळलेली, दोन मुठी भरतील एवढी. सूनबाईनंच ती मामीजवळ दिली होती, गावाबाहेर कुठं तरी टाकून द्या म्हणून. घरच्या उकिरड्यावर ती लोकांना दिसत होती.

माझ्या ज्ञानाला मागणी क्वचितच येते. मी खुर्चीत ताठ बसलो आणि मामीला व्याख्यान दिलं. या दुखण्यावरच्या जालीम गोळ्या आहेत, अफूच्याच जातीतल्या, यांची सवय लागली की सुटता सुटत नाही, डॉक्टरच्या ताज्या चिठ्ठीशिवाय यांना हात लावायचा नसतो, आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, "कोण्या नालायकानं देल्ल्या असतील ह्या?"

मामीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग कमरेच्या पिशवीतून कागदाचं एक छोटं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. "असा चंद्र कोण काढते, पाय बरं."

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी औषधाच्या पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढून देतो. सूर्य बरा जमतो. चंद्र मात्र भाकरीच्या चतकोरासारखा येतो, आणि असा चंद्र वाशीम जिल्ह्यात दुसरं कोणी काढत नाही.

मला आठवलं. एका ऑपरेशननंतर सूनबाईची कंबर धरली होती. डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पुढे सासू तीच चिठ्ठी घेऊन येत राहिली, मग तोंडाला पदर बांधून सूनबाई स्वतः येत राहिली, आणि मी देत राहिलो. चिठ्ठी घडीवर फाटली, तेव्हा मीच तिला चिकटपट्टी लावून दिली होती. गिऱ्हाइकाची सेवा म्हणून.

मामी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पाकिटाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पेटी उचलून निघून गेली. पाणी न पिता.

मी लगेच सुधारलो. माझं सुधारणं हे माझ्या बिघडण्याहून धोक्याचं असतं. त्या दिवसापासून मी सूनबाईला एकही गोळी दिली नाही, मंगरूळपीरच्या दोन-तीन दुकानदारांनाही फोन करून सांगून ठेवलं. चौथ्या दिवशी तिच्या घरात गोंधळ उडाला. उलट्या, थरथर, अंगाला दरदरून घाम, आणि तोंडातून नाही नाही ते शब्द. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. लिंबू-मिरच्या उतरवणं सुरू झालं. मामी धावत गेली, सासूला बाजूला सारून सूनबाईला जीपमध्ये घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. परत आल्यावर माझ्या पायरीवर बसून म्हणाली, "देतानी इचारलं नाही, बंद करतानीही इचारलं नाही. कसा माणूस हायेस गा तू?"

दवाखान्यातल्या डॉक्टरनं औषध सुरू केलं, पण स्पष्ट सांगितलं की हे घरी सुटायचं नाही. काही महिने आत ठेवून, हळूहळू कमी करत सोडवतात, अशा ठिकाणी बाईला न्या. कुठं, ते त्यालाही नक्की सांगता आलं नाही. इकडे सासूनं मुदत घालून दिली. सासू वाईट नव्हती, घाबरलेली होती. "सोयाबीन निघालं का दिवाईच्या आंधी तिले धनजले तिच्या मायबापाजवय सोडून देतो. नात आमच्यापाशी राहीन," ती म्हणाली. नात चार वर्षांची. सूनबाईचा नवरा खाली मान घालून ऐकत होता. बाई पोरीला कायमची मुकते की नाही, एवढाच आता प्रश्न होता, आणि हातात दोन महिने होते.

शोधायचं काम मी अंगावर घेतलं. माझ्याकडे मोठ्या पडद्याचा फोन होता आणि मनाला लागलेलं होतं. व्यसनमुक्ती केंद्रं पुष्कळ सापडली. जिथं फोन करावा तिथं माणूस आनंदानं बोलायचा, आणि 'बाई' म्हटलं की आवाज बदलायचा. एकानं सांगितलं, "आहे ना, महिलांसाठी आहे. दर रविवारी पेशंटच्या बायकोला समजावून सांगतो." दुसऱ्यानं मलाच विचारलं, "खेड्यातल्या बाया कायची नशा करतात हो?" तिसरीकडे मी जास्तीचं डोकं चालवलं. बाईचं नाव फुटू नये म्हणून सगळं गोलगोल बोललो. पेशंटचं नाव विचारलं, तर घाबरून माझंच सांगितलं. पत्ता माझ्या दुकानाचा दिला. तुम्ही कोण, तर म्हणालो मोठा भाऊ. पेशंट यायला तयार आहे का, तर म्हणालो, "कठीण हाय." बाई की बाप्या, हे त्या माणसानं विचारलं नाही, आणि मी ते शेवटी सांगणार होतो, तोवर तो म्हणाला, "काळजी करू नका, आम्ही बघतो," आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली. चार दांडगी पोरं उतरली. "चला दादा, जरा फिरून येऊ," असं म्हणत त्यांनी मला काउंटरवरून उचललं. मी ओरडलो, "मी पेशंट नाही." त्यातला एक प्रेमानं म्हणाला, "हो दादा, कोणीच नसते." मी पीत नाही, असं म्हणालो तर दुसरा म्हणाला, "आजपासून नाहीच प्यायचं." स्टॅंडवरची माणसं मन लावून पाहत होती. कोणी मध्ये पडलं नाही. दोघा-तिघांनी तर समजल्यासारख्या माना हलवल्या. मामी पायरीवरच होती. ती शांतपणे उठली, पेटी शेजारच्या हॉटेलात ठेवली आणि गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली.

केंद्र एका तालुक्याच्या गावाबाहेर होतं. तिथल्या साहेबांसमोर मला उभं केल्यावर मामी म्हणाली, "हा पेत नाही साहेब. हा येडा हाय, पण त्याचं औषध तुमच्यापाशी नसन." मग तिनं त्यांना सगळं खरं सांगितलं, फक्त नाव-गाव सोडून. साहेब भला माणूस होता. त्यानं मला चहा पाजला आणि मामीला हात जोडले. "मावशी, इथं सगळे पुरुष. बाईला मी कुठं ठेवू? कुठंतरी असेल बायांचं, पण आपल्या भागात मला माहीत नाही." येताना एसटीत मी खिडकीबाहेर पाहत होतो. शेतांत सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, आणि मला ते पाहवत नव्हतं.

मामी मात्र विचारात होती. मंगरूळपीर आलं तेव्हा ती म्हणाली, "तू नाव चुकीचं धरून पायतो गा. ज्याची लाज वाटते ते कोणी पाटीवर लिहीन काय?"

"मंग कसं पायाचं?"

"मले एकडाव मोठ्या दवाखान्यात एका वार्डातून हाकलून देल्लं होतं. डोक्याचे पेशंट होते तिथं. नर्स म्हणे, काच आत नाही आणाची, बाई सोताले लावून घेते. म्हून म्हणतो, नशा सोडवाचं बायांचं ठिकाण असन, तर तिथंही काच चालत नसन. पण बाया हायेत. संकरातीले, दिवाईले बांगड्या तर मांगतीनच. मंग कोणी तरी तिथं पलास्टिकच्याच नेत असन."

दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला, तिच्या ठोक व्यापाऱ्याकडे गेली. मीही गेलो, कारण माझ्या फोनची गरज पडेल असं मला वाटत होतं. तिनं व्यापाऱ्याला एकच गोष्ट विचारली: काचेची एकही नाही आणि सणाला नुसत्या प्लास्टिकच्या बांगड्या, त्याही सगळ्या मापांच्या, असं गिऱ्हाईक कोणाचं आहे काय? व्यापाऱ्याला माहीत नव्हतं, पण त्यानं यवतमाळच्या एकाला फोनवर विचारलं. त्यानं वर्ध्याकडच्या एका म्हाताऱ्या कासाराला. तो म्हातारा म्हणाला, हो, नागपूरच्या वाटेवर एक बायांचं घर आहे, दर सणाला मीच नेतो. तिथं फाटकावर पेटी तपासतात. कसलं घर आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं. "चांगल्या घरच्या बाया हायेत, हात थरथरतात," एवढंच तो म्हणाला.

मामीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. महिनाभर मी फोन घासत होतो, आणि या बाईनं, जिला पाटीवरचं अक्षर लागत नव्हतं, ते घर दोन दिवसांत शोधलं. त्या दुकानात चहूकडे बांगड्यांचे तोडे टांगलेले होते. मी कधी देवळात उभा राहत नाही तसा तिथं गुपचूप उभा होतो.

सोयाबीन निघालं, धनजच्या आधी हे एकदा करून पाहू म्हणून मामीनं सासूला राजी केलं, आणि आम्ही पाच जण निघालो: सूनबाई, तिचा नवरा, सासू, मामी आणि मी. घर साधं होतं, पुढं कडुनिंब. तिथल्या मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, जागा आहे म्हणाल्या. सही झाली. मग त्यांनी सांगितलं की पिना आणि काचेच्या बांगड्या इथंच काढून द्याव्या लागतील.

सासू उठून उभी राहिली. "जित्या नवऱ्याची बायको हाय ते. मी असे उघडे हात होऊ देणार नाही. चाल वं घरी."

सूनबाईही उठली. तिला निमित्तच हवं होतं. आता कोणी तरी चार शहाणे शब्द बोलायला हवे होते, म्हणून मी बोललो. "काकू, चार महिन्यांचा तर प्रश्न हाय. तेवढे दिवस समजा का नवरा नाहीच." नवरा माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं माझी कॉलर धरली, आणि त्या घराच्या इतिहासात भेटायला आलेल्यांची पहिली मारामारी होता होता राहिली.

या गडबडीत मामीनं तिथल्या बाईकडून साबण आणि तांब्याभर पाणी मागून घेतलं होतं. ती फरशीवर बसली. "इकडे ये वं," ती सूनबाईला म्हणाली, आणि तिचा हात मुठीत घेतला. पिशवीतून तिनं हिरव्या प्लास्टिकच्या बांगड्या काढल्या. सूनबाईच्या मापाच्या होत्या. घरूनच निवडून आणल्या होत्या. साबणाच्या हातानं तिनं आधी एक प्लास्टिकची चढवली, मग एक काचेची उतरवली. पुन्हा एक चढवली, एक उतरवली. एकही तडकली नाही. "पाय माय," ती सासूला म्हणाली, "हात एक घडी तरी रिकामा राह्यला काय?"

सासू परत खाली बसली. उतरवलेल्या बांगड्या घ्यायला तिनं हात पुढं केला. मामीनं त्या दिल्या नाहीत. मामीचा नवरा वीस-बावीस वर्षांपूर्वी वारला होता. तेव्हापासून सगळ्या मुलखाचे हात भरणाऱ्या या बाईचे स्वतःचे हात उघडे होते. तिनं स्वतःच्या हाताला साबण लावला, अंगठा आत दुमडला, आणि सूनबाईच्या त्या हिरव्या काचेच्या बांगड्या एकेक करून आपल्या हातात घातल्या. तिचा हात दोन-सहाचा, बांगड्या दोन-चारच्या. हाडाजवळ कातडी सोलून निघाली.

"ह्या मायापाशी राहतीन," ती सूनबाईला म्हणाली. "फुटू देणार नाही. तू ये अन् घेऊन जा."

सूनबाई तिच्या हाताकडे पाहत राहिली. मग वळली आणि कोणाकडे न पाहता आत गेली. नवऱ्यानं माझी कॉलर केव्हा सोडली, ते मला कळलं नाही.

पुढचे चार महिने कासारमामी हातात हिरव्या बांगड्या घालून गावोगाव हिंडली. विधवा बाईचे भरले हात लोकांना खुपले. बायांनी हसून विचारलं, "मामी, पाट लावला काय?" मामी म्हणे, "हाव. नवरा दिसला तं सांगजा, मलेही भेटाचा हाय." काही घरांनी तर त्या संक्रांतीला तिच्याकडून हात भरून घेतले नाहीत, अपशकुन म्हणून. एका वाक्यात खरं सांगितलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. तिनं ते वाक्य कोणापाशी उच्चारलं नाही. मीच एकदा न राहवून म्हणालो, की मी सांगतो लोकांना. "तू सांगशीन तं दोन-चारचं नाव खराब होईन," ती म्हणाली. "मले काय, चार दिवस हसतीन."

सूनबाई परत आली आणि आपल्या बांगड्या मामीकडून घेऊन गेली. सोपं झालं असं नाही. पहिल्याच पावसाळ्यात एकदा तिचा पाय घसरला. पण ते तिनं स्वतः मामीला सांगितलं, आणि मामी तिच्याबरोबर पुन्हा गाडीत बसली. दुसऱ्या खेपेनंतर मात्र ती सावरली. पोरगी आता शाळेत जाते, आणि तिला घ्यायला फाटकाशी तिची आईच उभी असते. सासू शेजारणींना सांगते की सुनेला मुंबईच्या बाजूच्या मोठ्या डॉक्टरचा गुण आला. सांगू देत.

मामीचे गुडघे गेले, तशी तिची लेक तिला रिसोडला घेऊन गेली. तोपर्यंत तिनं आणखी पाच-सात बाया त्या घरी पोचवल्या होत्या. कोणत्या, ते मला माहीत नाही. निघायच्या दिवशी ती माझ्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता बायांचं तू पाय."

"मी? मामी, मी बाप्या माणूस. त्यात तुमाले ठाऊक हाय मी कसा. जिथं बोलतो तिथं वाकडं होते."

"म्हून तं सांगून राह्यली. शयान्या माणसापुढं कोण तोंड उघडते? पयले तुयी चूक सांगत जा. मंग समोरचा सांगते."

मी ते ऐकलं आणि विसरलो. परवा दुपारी एक माणूस दुकानात आला, ओळखीचा नव्हता. आधी खोकल्याचं औषध घेतलं, मग साबण घेतला, मग बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "एक इचाराचं होतं. मायासाठी नाही, मित्राच्या बायकोसाठी." मग तो साबणाचा कागद सोलत राहिला.

मी स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"आमच्या गावात एक सूनबाई होती," मी म्हणालो. "तिले त्या गोया मीच देल्ल्या होत्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि तो खाली बसला.